गोळीची भूक

काट्यावर एकतीस आलं. डॉक्टर न्जोवूंनी मुकालांदाचा बाहेर लोंबणारा मागचा पाय उचलून आत घेतला, त्याला सरळ उभं केलं, तरी एकतीसच. गेल्या महिन्यात सव्वीस किलो होता. त्यांनी विचारलं, याला खायला कोण घालतं? मी म्हटलं, मीच घालते, तुम्ही दिलेल्या मापाच्या कपाने, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. आणि वर मोठ्या अभिमानाने जोडलं, की आता जेवतो मात्र छान. गोळ्या सुरू होण्याआधी ताट हुंगून निघून जायचा, आता ताट चाटून ताटाखालची फरशीसुद्धा चाटतो, म्हणजे गुण येतोय. ही डॉक्टर म्हणजे पोरगीच, माझ्या निम्म्या वयाची असेल. हातमोजे काढता काढता ती शांतपणे म्हणाली, "आंटी, ही भूक त्याची नाही. गोळीची आहे. पोट भरलं हेच त्याला कळत नाही. कुत्र्यांना तर हे हमखास होतं, माणसांतही काहींना होतं." मी विचारलं, माणसांना कशाला कुत्र्याची गोळी देतील? तेव्हा ती हसली. म्हणाली, गोळी माणसांचीच आहे, कुत्र्यांनी उसनी घेतलीय. आकडी येणाऱ्या पोरांना मिशनच्या दवाखान्यांत कित्येक वर्षं हीच देतात. तिने पाकिटातली एक गोळी तळहातावर काढून दाखवली. महिनाभर मी ती रोज दोनदा देत होते, उजेडाकडे पाठ करून, न्शिमाच्या, मक्याच्या घट्ट शिजवलेल्या पिठाच्या, चिमटीत दडपून. नीट पाहिली नव्हती. पांढरी, लहान, मधोमध रेघ. छत्तीस वर्षांपूर्वी लुआंश्यात आमच्या घरी काडेपेटीत ठेवलेली असायची तीच. माझ्या धाकट्या भावाची, जोसेफातची.

बाकीचं डॉक्टर बोलत राहिल्या आणि मी बाकावर बसून ऐकत राहिले, पण ऐकणारी मी नव्हतेच. पाय लटपटतात ते आणखी आठवडाभराने कमी होईल, शरीर सरावतं. तहान राहील, सारखं बाहेर न्यावं लागेल. यकृतासाठी रक्त काढून घेतलंय, दर सहा महिन्यांनी काढायचं. पोट भरल्यासारखं वाटावं म्हणून उकडलेला भोपळा द्या, न्शिमा नको. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, एकही वेळ चुकवायची नाही. मनाने बंद करायची तर मुळीच नाही. "शरीराला सवय झालेली असते. अचानक काढून घेतलीत तर एकामागून एक आकड्या येतात आणि थांबत नाहीत," त्या म्हणाल्या. हे वाक्य म्हणताना त्यांनी मुकालांदाच्या कानामागे खाजवलं. एवढी साधी गोष्ट, कुत्र्याच्या डॉक्टरणीने कुत्र्याच्या मालकिणीला सांगितली. माझ्या मायोंना, आईला, ती कुणी सांगितली नव्हती.

मिनिबसवाले कुत्रा घेत नाहीत, म्हणून काब्वाताहून चिलेंजेपर्यंत चालत निघाले. जाताना अर्धा तास लागला होता, येताना दीड लागणार हे दिसतच होतं. मुकालांदाचा पुढचा भाग शिपायासारखा चालतो आणि मागचा भाग लग्नातून परतलेल्या काकासारखा येतो. दर झाडाला थांबायचं, कारण सकाळपासून तो बादलीभर पाणी प्यायलाय, आणि मध्येच एखाद्या नळाखालच्या डबक्याकडे ओढायचं, कारण ते बाहेर गेलं की तो पुन्हा तहानलेला. दारूच्या गुत्त्याबाहेर क्रेटवर बसलेले दोघं ओरडले, मॅडम, त्यालाही पाजलीत का, आम्हाला नाही विचारलंत. मी म्हटलं, तो दोन घोटांत दमतो म्हणून परवडतो, तुमचं काय. ते खूश झाले. मला लोकांच्या बोलण्याचं भय नाही. नवऱ्याने मला परत पाठवलं, मूल होत नाही म्हणून, तेव्हा आमची सगळी गल्ली दोन महिने त्यावर जगली. मग मी कुत्र्याचं पिल्लू आणलं आणि त्याचं नाव ठेवलं मुकालांदा, म्हणजे, बोलालच तुम्ही. आमच्यात शेजाऱ्यांना जे तोंडावर सांगता येत नाही ते कुत्र्याच्या नावात घालतात आणि मग रोज सकाळ-संध्याकाळ कुंपणाशी उभं राहून कुत्र्याला हाका मारतात. पाच वर्षं मारतेय. पहिली आकडी आली तेव्हा अख्खी गल्ली कुंपणाशी जमली होती आणि कुणीही आत आलं नाही. त्याच्या तोंडाला फेस होता. फेस अंगाला लागला की आपल्यालाही लागण होते, हे आमच्याकडे आईच्या दुधाबरोबर शिकवतात. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले, फेसासकट. कुंपणापलीकडून कुणीतरी चुकचुकलं. मी मान वर केली नाही.

जोसेफातला मात्र मी शिवले नव्हते. तो सात वर्षांचा, मी दहाची. त्याची वाटी वेगळी, चटई वेगळी, आणि आकडी आली की मायो एकट्या धावायच्या, आम्ही भिंतीला पाठ लावून उभे. वडिलांची खाणीतली नोकरी गेली होती, आणि थोरले भाऊ, याया लॅक्सन, चौदा वर्षांचे असूनही घरात बाप्यासारखे बोलायला लागले होते. मिशनच्या सिस्टरने गोळ्या दिल्या. पहिल्या आठवड्यात तो बसल्या जागी झोपायचा, चालताना दाराच्या चौकटीला आपटायचा, शाळेतून मास्तरांनी परत पाठवला की याला काय पाजलंय. आणि मग त्याला भूक लागली. मला ती भूक आठवते, कारण मी तिच्या शेजारी बसून जेवायचे. त्याचा हात परातीत जायचा तो थांबायचाच नाही. त्याच्या वाटीतलं संपलं की तो माझ्या वाटीकडे बघायचा, मागायचा नाही, नुसता बघायचा, आणि त्याच्या डोळ्यांत लबाडी नसायची, एक प्रकारचं आश्चर्य असायचं. मी पाठ फिरवून जेवायला शिकले. आता हे लिहिताना मला स्वतःचा राग येतोय, तेव्हा आला नव्हता. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला आलेला माणूस ताप विचारत नाही, नाडी बघत नाही. दारातच विचारतो, न्शिमा खातो का? खातो म्हटलं की बसतो, हसतो, निरोप घेतो. खात नाही म्हटलं की आवाज खाली करतो. त्या वर्षी दारात येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही सांगत होतो, खातो, चार उंडे खातो. बायका टाळ्या वाजवायच्या. आणि एका रविवारी मायोंनी गोळ्या बंद केल्या, चर्चमध्ये उभं राहून देवाचे आभार मानले, उरलेली काडेपेटी सिस्टरला परत नेऊन दिली, दुसऱ्या कुणाच्या पोराला होतील म्हणून. सहाव्या दिवशी जोसेफात शाळेमागच्या पाटात पडलेला सापडला. पाणी माझ्या घोट्याइतकं होतं. मी नंतर जाऊन उभी राहून पाहिलं होतं.

छत्तीस वर्षं घरात या गोष्टीला एकच नाव आहे, देवाची इच्छा. बरा झाला होता आणि देवाने नेला. मायोंनी त्यावर एवढी वर्षं काढली, आणि मीही काढली. मग एक पोरगी हातमोजे काढता काढता म्हणते, ही भूक त्याची नाही, आणि सगळं उलटं होतं. तो बरा झालाच नव्हता. भूक म्हणजे गोळी होती, गोळी म्हणजे तो जिवंत होता, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. गुत्त्यापासून चर्चच्या कोपऱ्यापर्यंत मी मनाशी ठरवलं की हे माझ्यापाशीच मरेल. मायो ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांना याचा थांगपत्ता लागू द्यायचा नाही. चर्चच्या कोपऱ्यावर मुकालांदाचे मागचे दोन्ही पाय एकदम फाकले आणि तो बसला, तेव्हा मीही त्याच्याशेजारी कट्ट्यावर बसले आणि मला खूप रडू आलं. दुपारच्या उन्हात, भर रस्त्यात. टोमॅटो विकणारी बाई म्हणाली, मेला का? मी म्हटलं, नाही, जेवायला चाललाय.

आणि घरी याया लॅक्सन येऊन बसलेले असणार होते. सकाळीच त्यांचा फोन आला होता. चोंग्वेहून पिकअप घेऊन येतोय, कुत्र्याला बांधून ठेव. कारण गेल्या शनिवारचं. आमच्या गल्लीत तिसऱ्या घरी मयत झालं, म्हातारे पोस्टमास्तर गेले. मयताच्या घरी चार दिवस माणसं राहतात, बाहेर पुरुषांची शेकोटी, आत बायका चटयांवर, अंगणात पिंपाएवढी पातेली. जावयांसाठी कोंबडी वेगळी शिजवतात, अख्खी, आणि तिचा दगडी पोटा जावयाच्या ताटात गेला नाही तर त्या घराची अब्रू गेली. ती कोंबडी पोट्यासकट मुकालांदाने खाल्ली. कुंपणाखालून खणून गेला, लटपटत्या पायांनी, आणि झाकण नाकाने सरकवलं. मड्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांना कुणी काही म्हणत नाही. माझ्या कुत्र्याने कोंबडी खाल्ली तर जावई जेवायचे थांबले. मी दुसऱ्या दिवशी दोन कोंबड्या घेऊन गेले, गुडघ्यांवर बसून माफी मागितली. त्यांनी कोंबड्या घेतल्या आणि याया लॅक्सनना फोन केला. घर यायांच्या नावावर आहे. मायो आणि मी, आम्ही दोघी त्यात राहतो, त्यामुळे त्यांचा शब्द त्या घरात जरा जास्त जागा घेतो. कुत्रा चोंग्वेच्या शेतावर जाणार होता. तिथे गोळ्या वगैरे थेरं नाहीत, हे त्यांनी फोनवरच सांगितलं होतं. म्हणजे तीन-चार दिवस. जास्तीत जास्त जोसेफातइतके, सहा.

ते आंब्याखाली खुर्चीवर बसले होते. मायो शेगडीपुढे स्टुलावर, पातेल्यात न्शिमा घोटत. त्या वयातही कुणाला हात लावू देत नाहीत, लाकडी पळा दोन्ही हातांनी धरतात आणि सगळं अंग त्यात घालतात. मी गुडघे टेकून यायांना नमस्कार केला, कुत्रा सोबत टेकला, म्हणजे पडला. पिकअपच्या मागच्या कठड्याला दोरी आधीच बांधून ठेवलेली दिसली.

याया म्हणाले, बघ, उभं राहता येत नाही त्याला, त्या गोळ्यांनी त्याला पोखरलंय. मी म्हटलं, आठवड्याभरात पाय सावरतील. ते म्हणाले, आणि जेवणाचं काय ऐकतोय, अख्खी कोंबडी खातो, म्हणजे ठणठणीत बरा झालाय, आता गोळ्या कशाला? मी म्हटलं, याया, एक काय ते ठरवा, मरतोय की बरा झालाय? त्यांना उलट बोललेलं आवडत नाही. त्यांनी मायोंकडे पाहिलं. मायो घोटत होत्या.

"हिला कुत्र्याने वेड लावलंय," ते मायोंना म्हणाले. "पोर नाही म्हणून कुत्र्याला डॉक्टर. आपल्या घरात आजवर कोणी असलं केलं नाही."

"तो जाणार नाही," मी म्हणाले.

"कारण सांग."

कारण माझ्या जिभेवर होतं, आणि मायोंची पाठ माझ्यापासून तीन हातांवर होती. झुकलेली पाठ, कमरेला गुंडाळलेलं फुलांचं चितेंगे, मानेवर घाम. मी म्हटलं, कारण मी सांगते म्हणून. याया हसले. मी म्हटलं, मयताच्या घरची माफी मी मागितलीय, कुंपणाखाली विटा मी घातल्यात, त्याला बाहेर मी नेते, त्याचं मुतलेलं मी पुसते, तुमच्या अंगावर त्याचा केससुद्धा पडलेला नाही. तुमच्या शेतावर तो पहिल्या आठवड्यात मरेल, आणि तुम्ही फोन करून सांगाल की साप चावला. मी चिलेंजे बाजारात शिवणाचं मशीन लावून बसते, मला खोली मिळेल. त्याला न्यायचं तर आम्ही दोघं जाऊ, पण तुमच्या पिकअपमधून नाही. हे मी गुडघ्यांवर बसूनच बोलले, कारण उभी राहिले असते तर मी हात उगारला असता. याया उठले. दोरीकडे जाता जाता थांबले, आणि मग ते म्हणाले जे ते म्हणणार हे मला चर्चच्या कोपऱ्यापासून माहीत होतं.

"जोसेफात खायला लागला तेव्हा मायोंनी गोळ्या बंदच केल्या होत्या. सगळ्या लुआंश्याने बघितलंय, पोर बरं झालं होतं. पुढचं देवाचं. तू काय मायोंपेक्षा शहाणी?"

मला वाटलं, आता सांगावंच लागणार. एका बाजूला हे जनावर, जे माझ्या पायाला नाक लावून पडलं होतं, आणि एका बाजूला छत्तीस वर्षांची म्हातारीची झोप. मी तोंड उघडलं. काय निघालं असतं मला अजून माहीत नाही. मी कुणाला वाचवलं असतं हे मी स्वतःला रोज विचारते आणि रोज वेगळं उत्तर येतं.

पळ्याचा आवाज थांबला.

"बरा झाला नव्हता तो," मायो म्हणाल्या. त्या वळल्या नाहीत. "भूक गोळीची होती. सिस्टरने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. म्हणाली, खूप खाईल, घाबरू नका, गोळी चालू ठेवा. बंद केलीत तर पोर जाईल. असं स्पष्ट म्हणाली होती ती."

मुकालांदा धापा टाकत पातेल्याकडे सरकला, कारण न्शिमाचा वास सुटला होता.

मी विचारलं, "मग का, मायो?"

आता त्या वळल्या. मी दुःखी चेहऱ्याची वाट पाहत होते. तसा नव्हता. त्या रागावलेल्या होत्या, माझ्यावर, यायांवर, त्या दोरीवर.

"ते कूपनांचं वर्ष होतं. पीठ रांगेत मिळायचं, तेही महिन्याला एक पोतं, आणि ते बाविसाव्या दिवशी संपायचं. पाच माणसं. तो एकटा चार उंडे खायचा आणि आणखी मागायचा. तू तुझे त्याला द्यायचीस."

मी म्हटलं, नाही, मी पाठ फिरवायचे.

"आधी द्यायचीस. पाठ नंतर फिरवायला लागलीस. मी तुला आंघोळ घालत होते आणि तुझ्या पाठीचे मणके माझ्या हाताला लागत होते, एकेक. सिस्टर म्हणाली होती पोर जाईल. कुठलं, ते तिने सांगितलं नव्हतं." त्या थांबल्या. पळ्याला चिकटलेली न्शिमा बोटाने काढून पातेल्यात टाकली. "मी चुकले नाही. तुम्ही दोघं आयुष्यभर माझी कीव करत आलात की म्हातारीला कळलं नाही. मला कळत होतं. मी ठरवलं. देवाला मध्ये आणलं ते लोकांसाठी."

याया काहीतरी बोलणार होते. मायोंनी पळा त्यांच्याकडे केला. म्हणाल्या, लॅक्सन, तुला त्या वर्षी नवे बूट हवे होते, आठवतंय का, आता गप्प बस. आणि ती दोरी सोड, तुझ्या पिकअपला बकऱ्या बांध. पन्नास वर्षांचा माणूस, ज्याच्या शेतावर बारा गडी आहेत, त्याने जाऊन दोरी सोडली. गाठ घट्ट होती, त्याला वेळ लागला. जेवायला थांबा म्हटलं तर नको म्हणाले आणि पिकअप घेऊन निघून गेले.

आम्ही दोघी जेवायला बसलो. मी मायोंच्या हातांवर पाणी घातलं. त्यांनी ओल्या चमच्याने उंडे काढले, दोन माझ्या ताटात, दोन स्वतःच्या, आणि स्वतःच्यातला एक उचलून त्यांनी शेजारच्या पत्र्याच्या ताटलीत ठेवला, इतक्या सरावाने की महिनाभर हेच चाललं होतं हे मला तेव्हाच कळलं. मी मशीनवर असताना, दुपारी. काट्यावरचे पाच किलो तिथून आले होते. मी चिमूटभर न्शिमात गोळी दडपली आणि मुकालांदाला दिली, त्याने ती न चावता गिळली आणि आश्चर्याने वर पाहिलं. डॉक्टरणीने सांगितलेला भोपळा वाटेत घेतला होता, तो पिशवीतच होता. मी म्हणायला हवं होतं, मायो, याला न्शिमा नाही द्यायची, ही भूक त्याची नाही.

"काय बघतेस?" मायो म्हणाल्या. "गोळीही मिळेल आणि जेवणही मिळेल. या घरात आता पीठ आहे."

त्यांनी ताटली पुढे सरकवली. मी ती मागे घेतली नाही.